पुसलेली खेळी

पटायचं नसेल तर सोडून द्या, पण हे घडलंय. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा जिवलग मित्र, घरातला धाकटा. बाता मारणाऱ्यांतला तर मुळीच नाही.

शनिवारची संध्याकाळ. ऑफिसात तिसऱ्या मजल्यावरची चाचणीची खोली. बाकी सगळे केव्हाच पसार झाले होते.

त्याचं काम असं, की माणसांनी बेधडक हल्ला करून जिंकलेले डाव बुद्धिबळाच्या इंजिनाला, म्हणजे डाव खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामला, द्यायचे आणि त्या खेळी त्याला स्वतःहून सापडतात का ते बघायचं. निकाल विचित्र आला, की आधी मेमरी पुसायची आणि पुन्हा चालवायचं. कारण एकदा दाखवलेली खेळी इंजिन लक्षात ठेवतं. मग ती त्याला सापडली असं कसं म्हणणार?

काम संपलं की तो त्याच्या दादाचा शेवटचा डाव लावायचा.

दादा स्पर्धेत खेळता खेळताच गेला. शेवटच्या खेळीत त्याने वजीर चक्क मारायला दिला, प्रेक्षकांत बसलेल्या वहिनीकडे बघून हसला आणि पटावरच कोसळला.

लोक म्हणाले, डोकंच चालेनासं झालं होतं बिचाऱ्याचं. त्या वजिरामागे जिंकायची वाट निघाली, तरच ते खोटं ठरणार होतं.

वहिनी रोज फोन करायची. "भावजी, सापडलं का हो पुढचं काही? ते शुद्धीत होते ना? मला ओळखूनच हसले ना?"

इंजिन रोज एकच सांगायचं. हार.

त्या संध्याकाळीही तेच. तो कपाळाला हात लावून बसला होता.

आणि मागे...

टक्.

लाकडी पटावर सोंगटी ठेवल्यासारखा आवाज. त्याने झटकन वळून पाहिलं.

कोणी नाही. खोलीत लाकडी पटच नव्हता.

टक्... टक्... मग जरा थांबून, विचार करून ठेवल्यासारखं... टक्.

त्याने पडद्याकडे मान वळवली.

जीत. दादाची जीत!

पुढच्या खेळी बघायला फक्त एक बटण दाबायचं होतं. पण इतक्या वर्षांची सवय... निकाल विचित्र, आणि त्याने आधी मेमरी पुसली.

पुन्हा चालवलं.

हार.

"दादा, चुकलो रे! परत दाखव! पाया पडतो तुझ्या!" तो वेड्यासारखा ओरडत राहिला.

खोलीत नुसता पंखा फिरत होता.

त्याने वहिनीला सगळं सांगून टाकलं. दिसलं ते खरं, की मशीनचा बिघाड, की नुसता भास, हे तो तरी कसं सांगणार? वहिनी रागावली नाही. सोमवारपासून ऑफिस सुटलं की तीही तिथे येऊन बसू लागली. ते मशीन आता कोणी बंद करत नाही.

परवा मी दोघांना घरी न्यायला गेलो. धाकटा टेबलावर डोकं टेकून झोपला होता. वहिनी रिकाम्या कोपऱ्याकडे बघत अगदी हळू बोलत होती.

"अहो, डाव राहू दे. एवढंच सांगा... मला बघूनच हसलात ना?"

मी दार ओढून घेतलं आणि जिना उतरलो. उत्तर ऐकायची माझी हिंमत झाली नाही.