तेओफिलच्या मागे

बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर एकोणीसशे चाळीस सालच्या मे महिन्यात जर्मन रणगाडे आमच्या फ्रान्समधल्या म्यूज नदीपासून समुद्रापर्यंत एका आठवड्यात कसे पोचले, याचा तासातासाचा तक्ता करायला बसलो. बायको म्हणायची, ह्यांना जेवायची शुद्ध नाही, पण कुठल्या रणगाड्याने कुठे पेट्रोल भरलं ते विचारा. खोटं नव्हतं ते. किलोमीटर आणि घड्याळ, यापलीकडे माझा कशावर विश्वासच नव्हता.

ऑर्तांस लेक्रोआर माझ्याकडे आली ती एका कागदासाठी. चौकातल्या हुतात्मा स्तंभावरची नावं नव्याने कोरायची होती आणि यादी शुक्रवारी बंद होणार होती. तिच्या वडिलांचं नाव पन्नास वर्षं त्या दगडावर नव्हतं.

तिचे वडील तेओफिल म्हणजे आमच्या गावचे रस्ते सांभाळणारा सरकारी कामगार. खड्डे बुजवायचे, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. वीस मेच्या दुपारी रणगाडे चौकात येऊन थांबले. पेपरात जर्मन अजून दीडशे किलोमीटर लांब होते, तेव्हा धुळीने माखलेले हे लोक इंग्रजच, असं गावाने ठरवून टाकलं. त्यांना बिअर पाजली, लिलॅकची फुलं दिली. त्यांनी पुलाची वाट विचारली, तसा तेओफिल पहिल्या रणगाड्यावर चढून बसला. तो परत आला नाही. संध्याकाळी खरं काय ते कळलं, आणि बिअर पाजणाऱ्यांनी सगळं खापर त्या एकट्याच्या माथी फोडलं. शत्रूला वाट दाखवणारा, म्हणून नाव नाही.

"मास्तर, एक ओळ मिळाली तरी पुरे," ऑर्तांस म्हणाली. "त्या दुपारी मी आणि आई पुलावरच होतो. निर्वासितांच्या बैलगाड्या, म्हाताऱ्या, पोरं, नुसती चेंगराचेंगरी. अंधार पडेपर्यंत पार झालो नाही. पण रणगाडे काही आले नाहीत. ते का आले नाहीत, एवढंच शोधा."

मी त्या जर्मन तुकडीच्या वायरलेस वहीची नक्कल मागवली. नोंद होती: १५.४०, पुढचे तीन रणगाडे, गावातला वाटाड्या सोबत, पूल चार किलोमीटर. ते पोचल्याची नोंद नव्हती. बाकीची तुकडी वाट पाहून दुसऱ्या रस्त्याने निघून गेली होती.

पण दुसऱ्या दिवशी, १५.४० लाच, त्याच तिघांचा संदेश होता. वाटाड्या सोबत, पूल दिसत नाही. तिसऱ्या दिवशी तोच. चौथ्या दिवशी तोच, आणि तोवर तुकडी समुद्रावर पोचली होती, त्या वायरलेसच्या टप्प्याच्या पार बाहेर. जूनमधली शेवटची नोंद अशी होती: पेट्रोल संपलं, वाटाड्या थांबत नाही. त्यापुढे कारकुनाने लिहिणंच सोडलेलं दिसत होतं.

कारकुनाचा घोळ, मी म्हणालो. ऑर्तांसने कोट चढवला आणि मला गाडी काढायला लावली.

गुरुवार होता, दुपारचं लख्ख ऊन. पुलाचा रस्ता मी हजारदा गेलेला. गाडीतला किलोमीटरचा आकडा शून्यावर आणला. दोन्हीकडे बीटाची कोवळी रोपं. चार किलोमीटर झाले, पूल आला नाही. वळणही आलं नाही. सहा झाले. मी आकड्याच्या काचेवर टिचकी मारून पाहिली.

नवव्या किलोमीटरला मैलाचा दगड होता: पूल १. दहाव्याला पुन्हा दगड, पूल १. ऑर्तांसने मला थांबायला सांगितलं, उतरून दगडाला हात लावला आणि बोटं माझ्यापुढे धरली. चुना ओला होता.

"बाबांचा एक्का," ती म्हणाली. "शेपटी अशीच काढायचे."

मी इंजिन बंद केलं.

वारा नव्हता, तरी पुढे रस्त्यावर धूळ उठली होती. त्या धुळीतून पावलांचा आवाज येत होता, पुष्कळ पावलांचा.

एक माणूस मागे वळून आमच्याकडे चालत आला. तिशीचा असेल. धुळीने गणवेशाचा रंग कळत नव्हता. त्याने अदबीने टोपी काढली.

"बाई, माफ करा. पूल किती लांब?" मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये त्याने विचारलं. "आमचा वाटाड्या फार दमलाय. तुम्ही वाट दाखवलीत तर त्याला सोडून देतो. शपथेवर सांगतो."

ऑर्तांसने धुळीकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही, माझं घड्याळ तीन चाळीसवर थांबलं होतं. ती रडत होती. हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"सरळ जा," ती म्हणाली. "त्यांच्या मागेच राहा. रस्ता त्यांना माहीत आहे."

त्याने आभार मानले आणि तो गेला.

परतताना गाव चार किलोमीटरवर लागलं.

शुक्रवारी आम्ही मेयरकडे गेलो. वहीची नक्कल वाचून मेयर वरमले. रणगाडे पुलावर पोचलेच नाहीत एवढं पुरेसं आहे, नाव कोरू, म्हणाले. ऑर्तांसने हात पुढे करून आपला अर्ज उचलला.

"ती यादी मेलेल्यांची आहे, मेयरसाहेब."

बाहेर पायरीवर ती खाली बसली. मी शेजारी उभा राहिलो.

"मास्तर," ती म्हणाली, "त्यांचे बूट त्या दिवशीच फाटलेले होते हो."