ढब्बूच्या पायाखाली

बसथांब्याच्या बाकावर तो बसला होता. मांडीवर एक खोकं, आणि खोक्यात कुणीतरी मुसमुसत होतं.

संध्याकाळ अशी, की दिवा लावावा तर उजेड आहे आणि न लावावा तर दिसत नाही. धुक्यानं रस्ता अर्धा गिळलेला. पडद्यांचं गाठोडं सावरत ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. आई गेल्यापासून तिला कुणाशी बोलावंसंच वाटत नसे. घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे, पोचवायचे... त्यापुरते शब्द खर्च केले की बस. पण ते मुसमुसणं काही थांबेना.

"भूक लागली असेल त्याला," ती शेवटी म्हणाली.

"नाही, जेवण झालंय. अपमान झालाय."

तिनं वळून पाहिलं. दमलेला चेहरा, कानाच्या पाळ्या थंडीनं लाल झालेल्या, आणि डोळ्यांत मात्र एक मिस्कील कवडसा.

"कुणी केला अपमान?"

"एका घरानं घेतो म्हणून कबूल केलं होतं. आज दारातूनच परत पाठवलं. सोफा नवा आहे म्हणे."

मग त्यानं सांगितलं. आंधळ्या माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या शाळेत तो कामाला होता. पिल्लांचं पहिलं वर्ष कुणाच्या तरी घरी जायचं, मग ती शाळेत यायची. घरं शोधायची आणि दर पंधरवड्याला जाऊन पाहणी करायची, हे त्याचं काम.

"म्हणजे वर्षभर जीव लावायचा... आणि परत द्यायचं?"

"हो."

"असं कोण कबूल करतं?"

"म्हणून तर इथे बसलोय," तो म्हणाला.

तिला हसू आलं. किती दिवसांनी, देवच जाणे. खोक्याच्या फटीतून एक ओलं नाक बाहेर आलं आणि तिच्या बोटाला टेकलं.

"दुसरं घर मिळेपर्यंत ठेवते मी," ती म्हणाली. "तेवढंच हं."

पण तेवढंच म्हणून आलेलं पाहुणं कधी तेवढ्यावर थांबलंय? दुसरं घर मिळाल्याचं काही कानावर आलं नाही. पिल्लाचं नाव ढब्बू पडलं, आणि दर पंधरवड्याच्या रविवारी पाहणीला येणाऱ्या त्याची पावलं दाराशी वाजू लागली.

"ढब्बू नाव खुशाल ठेवा," पहिल्याच पाहणीत तो म्हणाला, "पण त्याला ढब्बू होऊ देऊ नका. पाठीवरून हात फिरवला की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. वजन वाढलं की कोवळ्या सांध्यांवर भार येतो."

मग तो घरभर फिरला. गुळगुळीत फरशी पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही आधी झाका. पाय फाकून घसरला की खुब्याचा सांधा सैल होतो. आज दिसत नाही, वर्षानं दिसतं. कोचावरून उडी नाही. चेंडूमागे गरकन वळून धावणं नाही. आणि जिना तर अजिबात नाही, उचलून न्यायचं."

"दोन मजले?"

"दोन मजले."

"रोज?"

"दिवसातून चार-पाचदा," तो शक्य तितक्या नम्रपणे म्हणाला.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून मावशी बोलली. आई गेल्यावर मावशी भाचीच्या सोबतीला येऊन राहिली होती. काठीशिवाय तिचं पाऊल उचलत नसे. "माझे गुडघे गेले, तेव्हा कुणी चटई नाही अंथरली बाई. बरं झालं ह्या जन्मी कुत्री नाही झाले... नाही, कुत्री झाले असते तरच बरं होतं."

"मावशी, तुम्हालाही उचलून नेईन," तो म्हणाला.

"आधी वजन विचारा माझं, इन्स्पेक्टर."

तेव्हापासून तो इन्स्पेक्टरच झाला.

उचलायचं कसं, तेही त्यानंच दाखवलं. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ सरळ. दाखवताना त्याचा हात तिच्या हाताखाली आला... आणि ढब्बू दोघांच्या मध्ये निवांत लोंबकळत राहिला. कुणीच घाई केली नाही.

तिनं उरल्यासुरल्या जाड पडद्यांच्या चटया शिवल्या, खाली रबराची जाळी लावली, म्हणजे सरकायला नकोत. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत कापडी पायवाट तयार झाली. कोचाला खुर्च्यांचं कुंपण पडलं. ढब्बूची नखं कापणं, पंजांमधले केस कातरणं, सगळं नेमानं. कंबर भरून यायची, पण घेतला वसा टाकायचा नसतो. पुढे ढब्बू जिन्यानं उचलून नेण्यापलीकडे वाढला, तेव्हा पट्टा आखूड धरून ती त्याच्याबरोबर एकेक पायरी सावकाश उतरू लागली, नव्या नवरीला उतरवावं तशी.

आणि पाहणी लांबत चालली.

"इन्स्पेक्टर, बरगड्या मोजायला एवढा वेळ?" मावशी विचारायची.

"दोन्ही बाजूंच्या मोजतो, मावशी."

"चहा तिसऱ्यांदा ठेवलाय तिनं. त्याचीही पाहणी करा."

ती खाली मान घालून शिवण पुढे सरकवायची... टीप मात्र वाकडी जायची.

पण वर्ष संपत आलं, आणि घरावर पुन्हा तेच मळभ दाटून आलं. खुब्यांचा एक्स-रे ठरला. सांधे नीट निघाले, तर ढब्बू शाळेत जाणार. सैल निघाले, तर तो कामाचा नाही, मग घरीच राहील. एवढं सोपं होतं. तिला झोप लागेना. ढब्बू गेला तर ते घर पुन्हा तसंच होणार, भिंतींनी एकमेकींकडे बघत बसायचं. आणि रविवारचा तो तरी कशाला येईल?

एका दुपारी ती पडदे पोचवायला गेली, आणि गिऱ्हाईक घरी नसल्यानं लवकर परतली. दार लोटलं तर... चटया गुंडाळून भिंतीशी उभ्या. उघड्या फरशीवर मावशी खुर्चीतून चेंडू फेकत होती. ढब्बू सुसाट धावत होता, वळताना चारी पाय चार दिशांना जात होते, धपकन आपटत होता आणि पुन्हा उठत होता. आणि मावशी हसत होती. आईच्या पाठीमागे ह्या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

थांबव, असं ओठांवर आलं होतं. पण ती दारात तशीच उभी राहिली. चेंडू पुन्हा उडाला... आणि पुन्हा. मग ढब्बूनं तिला पाहिलं, शेपूट हलवत तो आला, अर्ध्या वाटेत मागचा पाय निसटला, आणि त्यानं बारीकसं केकाटून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. नुसता विश्वास.

ती खाली बसली आणि त्याला मिठीत घेऊन रडली.

"किती दिवस चाललंय हे, मावशी?"

"तू बाहेर जातेस तेव्हा." मावशीनं काठी मांडीवर आडवी घेतली. "पाप लागेल ते मला लागू दे. तू रडतेस ना रात्री, मला ऐकू येतं."

रविवारी तो पाहणीला आला, तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. मावशीचं, आणि आपलंही. "मी लगेच थांबवलं नाही. मला वाटलं... निकामी होऊ दे. कुठेतरी एक आंधळा माणूस ह्याची वाट बघत बसलाय, आणि मी असं मनात आणलं. आता तुम्ही मला काय समजायचं ते समजा."

तो बराच वेळ ढब्बूचा मागचा पाय हळूहळू ताणून बघत राहिला.

"दुसरं घर दुसऱ्याच दिवशी मिळालं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"ढब्बूसाठी. मोठं घर होतं, तळमजल्यावर. मी नको म्हटलं." त्यानं वर पाहिलं नाही. "तुम्हाला दोन मजले चढायला लावले... मला दर पंधरवड्याला यायला मिळावं म्हणून. आता तुम्ही मला काय समजायचं ते समजा."

बोलण्यासारखं खूप होतं, पण मधे ढब्बू होता, आणि त्याचे खुबे.

"त्याचे सांधे आधी," ती शेवटी म्हणाली. "आपलं नंतर."

एक्स-रे निघाला. जनावरांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली. गोल खोबणीत गोल हाड, कमळाच्या देठावर फूल बसावं तसं बसलेलं. उत्तम, ते म्हणाले. इतकी काळजी फार कमी घरं घेतात. ज्याचे पाय वर्षभर जपले, त्याच पायांनी तो चालता होणार होता.

न्यायला इन्स्पेक्टर स्वतः आला. गाडीचं दार उघडल्यावर ढब्बूनं तिच्याकडे पाहिलं, उडी मारू का, म्हणून. तिनं मानेनं नाही म्हटलं, वाकली, आणि तेवढं मोठं धूड छातीशी धरून स्वतः आत ठेवलं. मागे वळून न बघता जिना चढली. वर मावशी खिडकीशी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहणं टाळलं.

मग नुसतं धुकं. शिलाई मशीन चालायची, थांबायची. मावशी चहाचे दोन कप भरायची आणि गार करायची. पाहणीचा रविवार आला, तेव्हा ती मुद्दाम चादरी धुवायला बसली. आज कोण येणार होतं?

दारावर थाप पडली.

तो उभा होता. हातात ना पट्टा, ना वजनकाटा. काय करावं ते हातांना कळत नव्हतं.

"इन्स्पेक्टर," आतून मावशी म्हणाली, "आता काय तपासायला आलात?"

"काही नाही, मावशी. आज माझीच तपासणी आहे."

ती ओले हात पुसत दारात आली. "कसा आहे तो?"

त्यानं खोटं सांगितलं नाही. "पहिले दोन दिवस जेवला नाही. दाराकडे तोंड करून बसायचा. काल खाल्लं... थोडंसं. शिकेल तो. पण तुम्हाला विसरणार नाही, आणि तुमची भेटही इतक्यात होऊ देता येणार नाही."

तिचे डोळे भरले. ती चौकटीला टेकली.

"नंतर म्हणाला होतात," तो हळूच म्हणाला. "म्हणजे, तुम्ही म्हणाला होतात. आपलं नंतर, म्हणून. मला आता यायला काहीच निमित्त नाही. निमित्ताशिवाय आलो तर... चालेल? जन्मभर?"

आत काठी वाजली आणि थांबली. मावशी श्वास रोखून ऐकत असावी.

"मला आत्ता आनंद नाही होत," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू. आत सगळं रिकामं आहे. हो म्हणताना रडू आलं तर?"

"येऊ दे."

"आणि थांबलंच नाही तर?"

"तर मी इथेच आहे."

तिनं होकारार्थी मान हलवली. मग खरंच रडू आलं. तो चौकटीच्या अलीकडे आला, आणि दोघं दारातच उभी राहिली, धुकं जिन्यावरून वर येईपर्यंत.