नाथाजी घरी येतो

साहेब, मेलेला माणूस उठवलात तुम्ही. पंख्याखाली बसून, एका सहीनं. शहात्तर साल होतं, आणीबाणीचं. जत्रेच्या नाटकालाही तुमची मंजुरी लागायची. ‘शिपाई मरतो, लोकांचं मन खचतं. नाथाजीला जिवंत घरी आणा,’ म्हणालात.

आष्ट्याजवळच्या त्या गावात आकाराम दरवर्षी तिसऱ्या अंकात नाथाजीला मारायचा. नाटक त्याचंच, चौथी शिकलेल्या हातानं लिहिलेलं. नाथाजीच्या अंगावरचा लष्करी डगला मात्र खरा. शालूबाईचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला आणि त्याची ट्रंक परत आली, तिच्यातला. ती दरवर्षी डगला द्यायची, लेकीला, अंजीला घेऊन पुढं बसून नाथाजीचं मरण बघायची आणि रडून मोकळी व्हायची.

त्या वर्षी नाथाजी घरी आला. त्याचं काम करणारा अर्जुना म्हणाला, “आलो गं. पानी दे.” लुगडं नेसून बायको झालेला सिद्धू ताट घेऊन पुढं होणार, तोच शालूबाई स्टेजवर चढली. तिनं ताट हिसकावलं. रजेवर आलेल्या फौजीला उंबऱ्यावर करतात तसं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी ओतलं.

“सिद्धू, तुजा दादला गेला की रं!” मागनं कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. आकाराम हसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालूबाईनं त्याला बोलावलं. अर्जुना पहाटेच गुळाची गाडी घेऊन सांगलीला गेलेला. आकारामनं स्वतः बघितला होता. आणि इथं तिच्या घरी, पुढच्या सोप्यात डगला घालून कुणीतरी बसलेलं. गालावर नाटकातला रंग. घाम फुटला होता, पण रंग ओघळत नव्हता.

“आलो गं. पानी दे.”

शालूबाईनं तांब्या दिला. त्यानं ओठाला लावला, खाली ठेवला. पाणी होतं तेवढंच.

“आलो गं. पानी दे.”

“सकाळधरनं ह्येच चाललंय,” ती कुजबुजली. “ह्यो माजा धनी न्हाई, दादा. तुमचा नाथाजी हाय. पोरीकडं बघत बी न्हाई.”

“नाटकात त्येला लेक न्हाई,” आकाराम म्हणाला.

“मग मारा ह्येला. पैल्यासारका.”

आकारामनं जुनं भाषण धरलं. “नाथाजी, गोळी लागली रं तुला...”

डगलेवाल्यानं मान वर केली. पहिल्यांदाच पापणी हलली.

“अंजे, दार लाव.”

पोर उठली.

कडी वाजली.

साहेब, हे वाक्य आकारामनं लिहिलेलं नव्हतं. मग ते मंजूर कुणी केलं? उत्तर द्या.