छातीतल्या गाड्या

दवाखान्याच्या फाटकावर गाड्यांसाठी लावलेला आडवा दांडा इलाही मुजावर पायी जवळ येताच आपोआप वर गेला. शेजारच्या पडद्यावर एक नंबर उमटला, मग दुसरा, मग नंबरांची रांगच लागली. पहारेकऱ्याने रस्त्यावर पाहिलं. गाडी एकही नव्हती. खोकून खोकून वाकलेला इलाही होता आणि त्याचा दंड धरून चालणारी त्याची बायको जैबुन. मामा, गाड्या काय खिशात घालून आलाय काय, असं विचारून पहारेकरी स्वतःच हसला. इलाहीला हसू आलं नाही. महिनाभर हेच चाललं होतं. चार्जिंगच्या तळावर, बाजारातल्या पार्किंगमध्ये, जिथे जाईल तिथे यंत्रं त्याला गाडी समजत होती.

त्या काळात गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थरात ओळखकण मिसळलेले असत. पिठाहून बारीक कण. रंग वाळला की कंपनीचं यंत्र गाडीचा नंबर त्या प्रत्येक कणात भरून टाकी, आणि पुढे नाक्यावरच्या यंत्राने लहर सोडली की कण तो नंबर परत सांगत. नंबरपाट्या बदलून पळणाऱ्या चोरांचा धंदा यामुळे बसला. त्याचं कौतुक झालं ते रास्तच होतं. पण नुसता रंग मारला म्हणजे गाडी तयार होत नाही, हे कौतुक करणाऱ्यांना कोण सांगणार? फवाऱ्याने मारलेला थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत वाळतो. तो दोन हजार नंबरच्या बारीक पॉलिशपेपरने घासून सपाट करायचा आणि मग बफिंग करून आरशासारखा चकचकीत करायचा. कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये इलाही तीस वर्षं हेच काम करत होता.

पूर्वी तो पाणी मारून घासायचा. धूळ उडायचा प्रश्नच नव्हता. मग ते गढूळ पाणी कणांसकट गटारात गेलं आणि नाक्यावरच्या यंत्रांना जमिनीखालून गाड्यांचे नंबर येऊ लागले. आठ दिवसांत रंगकंपनीचा हुकूम आला की पाणी बंद, कोरडं घासा. सोबत मास्क आले.

मास्क चांगले होते, नाही असं नाही. पण घासाई संपल्यावर पत्र्यावर तोंडाने वाफ सोडून पाहिल्याशिवाय कुठलाही जाणता कारागीर गाडी हातावेगळी करत नाही. वाफ एकसारखी विरली तर काम फत्ते. एखाद्या जागी रेंगाळली, तर तिथे ओरखडा राहिलाय म्हणून समजावं. मास्क लावून वाफ कशी सोडणार? इलाही दिवसातून शंभरदा मास्क खाली ओढायचा, वाफ सोडायचा आणि पुढचा श्वास तिथेच, त्या धुळीतच घ्यायचा. हा हुकूम काढणाऱ्यांनी जन्मात एक पत्रा घासला असता, तर हे त्यांना कुणी सांगावं लागलं नसतं.

डॉक्टर मृदुला शेटे यांनी फाटकावरचं हातात धरायचं वाचकयंत्र मागवून घेतलं आणि इलाहीच्या छातीला लावलं. तीनशे सतरा नंबर निघाले. त्यांतले कितीतरी इलाहीने ओळखले. ही निळी, हिच्या एका दारावर चार दिवस गेले होते. ही लाल, हिचा मालक दोनदा परत आला होता. फुप्फुसांवर चट्टे पडले होते. कण विरघळत नव्हते आणि बाहेरही निघणार नव्हते.

"मामा, छातीत धूळ आहे असं आम्ही रोज लिहितो," डॉक्टर म्हणाल्या. "ती कुणाची, ते आजवर कधी सिद्ध करता आलं नव्हतं. इथे धूळ स्वतःच बोलतेय."

त्यांनी कामगार खात्याला पत्र लिहिलं. सोमवारी अधिकारी येऊन इलाहीच्या छातीतले नंबर स्वतः मोजणार होते. ते गॅरेजच्या नोंदींशी जुळले की कोरडी घासाई बंद होणार होती आणि गल्लीतल्या बाकीच्या अकरा कारागिरांची तपासणी होणार होती. सोमवारपर्यंत छाती बोलती राहायला हवी होती, एवढंच.

शुक्रवारी दुपारी रंगकंपनीचे केंभावी नावाचे साहेब गॅरेजमध्ये आले. बोलणं असं गोड की कानात मध ओतावं. त्यांनी आधी गॅरेजमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. त्यात इलाही मास्क खाली ओढताना दिसत होता, पुन्हा पुन्हा. कंपनीने मास्क दिला, तो तुम्ही काढला, मग दोष कुणाचा, असं साहेबांनी हळू आवाजात विचारलं. मग पेटीतून टॉर्चएवढं यंत्र काढून ते म्हणाले की, जागोजागी दांडे वर जातात, लोक हसतात, हा त्रास ते पाच मिनिटांत संपवतील. छातीसमोर यंत्र धरलं की कण कायमचे गप्प होतील.

"गप्प व्हतील. पण राहतील आतच?" इलाहीने विचारलं.

"राहतील. पण बोलणार नाहीत."

इलाहीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हातातला पेपर त्याने जमिनीवर फेकला.

"गटार बोललं तवा आठ दिवसांत नियम बदलला तुमी. आता माणूस बोलतोय, तर त्याचं तोंड दाबायला आलाय."

त्याला खोकल्याची उबळ आली. केंभावींनी तेवढ्यात यंत्र वर केलं. जेवणाचा डबा घेऊन आलेली जैबुन दारातच उभी राहून सगळं ऐकत होती. वासामुळे डोकं दुखतं म्हणून इतक्या वर्षांत ती कधी आत आली नव्हती. आज ती सरळ आत आली आणि नवऱ्यापुढे उभी राहिली.

"यंत्र खाली घ्या," ती म्हणाली. "सोमवारपातुर ह्यांस्नी हात लावायचा न्हाई."

कण गप्प करण्याआधी ते मोजायचे, अशी त्या यंत्राची रीत होती. त्याने तिच्यासमोरच मोजायला सुरुवात केली. पडद्यावर आकडा आला एकेचाळीस, आणि खाली नंबरांची यादी. हे मामांच्याच छातीतले, तुम्ही मध्ये आहात म्हणून थोडे लागले, असं केंभावी म्हणाले. इलाही बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. आपलं म्हणणं खरं ठरवायला केंभावींनी यंत्र पुन्हा जैबुनसमोर मोजायला धरलं. एकेचाळीसच.

तिने आयुष्यात एका पत्र्याला पेपर लावला नव्हता. रोज संध्याकाळी ती नवऱ्याचे कपडे दारात झटकायची आणि मग धुवायला टाकायची.

इलाही परत आत आला. त्याने यंत्राचा पडदा पाहिला. एकेचाळिसांतला पहिलाच नंबर त्या निळ्या गाडीचा होता. आता त्याला ओरडावंसंही वाटत नव्हतं. केंभावी यंत्र पेटीत ठेवायला वाकले, तेव्हा त्याने पेटीचं झाकण हाताने दाबून धरलं.

"साहेब, मी मास्क काढला. माझी चूक, लिवून घ्या," तो म्हणाला. "आता एवढंच सांगा, हिनं कुठला मास्क काढला?"