ओ देणारं यंत्र

गीतांजलीचं काम समजावून सांगायला अवघड आणि करायला सोपं होतं. अकोल्यात जठारपेठेतल्या एका छोट्या कार्यालयात बसून ती एका ॲपची दुसऱ्या ॲपशी गाठ घालून द्यायची. दवाखान्यात कुणी वेळ मागितली की डॉक्टरांच्या कॅलेंडरात नोंद व्हावी, शिकवणीची चौकशी आली की पालकांना मेसेज जावा, अशी कामं. कोड लिहायचा नाही. पडद्यावर चौकोन ठेवायचे, एकातून दुसऱ्यात रेघ ओढायची. असं झालं तर तसं करा. चौकोन हिरवा झाला म्हणजे काम झालं, लाल झाला म्हणजे अडलं. या जगात तिसरा रंग नव्हता, आणि आई गेल्यापासून तिला ते फार बरं वाटायचं.

आई, सुभद्राबाई, अमरावतीला राजापेठेतल्या घरी काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे आणि शेवया करून विकायची. शेजारच्या पार्बताबाई ते काम पुढं चालवायला तयार होत्या. अडचण फोनची होती. पार्बताबाईंचे हात पिठात असायचे आणि बाबांना, खुशालरावांना, गेली काही वर्षं दोन्ही कानांनी काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. कानाचं यंत्र त्यांनी कपाटात ठेवून दिलं होतं. आईचा नंबर बंद करावा असंही कुणाच्या मनात येईना.

मग गीतांजलीनं तीन चौकोन जोडले. आईच्या नंबरवर फोन आला आणि कुणी उचलला नाही, की फोन करणाऱ्याला लगेच मेसेज जाई : ‘हो, घरीच आहोत. या.’ खाली पत्ता. त्याच क्षणी बाबांच्या खिशातला मोबाइल छातीशी थरथरे आणि पडद्यावर अक्षरं येत : ‘पाहुणे येत आहेत.’ बाबा उठून दार उघडत. गिऱ्हाईक येई, पाकिटं घेई, जाई. चैत्रभर हे बिनबोभाट चाललं.

वैशाखात एका दुपारी तिनं सहज यंत्रणेचा इतिहास उघडला. भर उन्हातल्या एका फोनपुढं नंबर नव्हता. लपवलेला असेल, असं तिला वाटलं. पण पुढचा चौकोनही हिरवा होता. मेसेज गेला होता. पोहोचला होता.

“नंबरच नसेल तर मेसेज जातो कुठं?” तिनं शेजारी बसणाऱ्या रश्मीला विचारलं.

“टेस्ट रन असेल गं. जेव आता, डबा उघडून ठेवलाय मघापासून.”

संध्याकाळी तिनं बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते ओठ वाचत.

“दुपारी कोन आलं होतं, बाबा?”

“आलं होतं ना कोनीतरी.”

“कोन पन?”

“आता मले का मालूम? बोलत असन, मले थोडीच ऐकू येते! बसलं अन् गेलं. पाकीट घेतलं नाही.”

बोलता बोलता ते हसले. त्यांच्यामागं उघड्या दारातून अंगण दिसत होतं. नेहमी भिंतीला टेकवलेली प्लास्टिकची खुर्ची फाटकापाशी होती, घराकडं तोंड करून.

दुसऱ्या दिवशीही भर दुपारी बिननंबरी फोन आला. सगळे चौकोन हिरवे. संध्याकाळी खुर्ची पायरीवर होती. त्याच्या पुढल्या दिवशी ती बैठकीत आली होती, आणि त्यानंतर बाबांच्या दिवाणाला लागून, उशीकडच्या बाजूला.

“खुर्ची आत कोनं आनली?”

“कोनी आलं तं बसायले लागते ना, बाई.”

त्यांनी दाढी केलेली होती. अंगात इस्त्रीचा सदरा होता. आई गेल्यापासून त्यांना असं नीटनेटकं तिनं पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळंच ती पुढं काही विचारू शकली नाही.

तिनं पार्बताबाईंना फोन केला.

“मी तं तुमच्या मागच्या खोलीत शेवयावर असतो, मले का दिसते?” पार्बताबाई म्हणाल्या. “पन तुहे बाबा दुपारचे कोनाच्या तरी संगं बोलत असते, हे खरं. मी समजलो, फोनवर बोलून राहिले. मंग ध्यानात आलं, का हा मानूस फोनवर बोलीन कसा?”

“तुमी जाऊन पाह्यलं नाही?”

“पाह्यलं. एकटेच होते. खुर्चीकडं पाहून मुंडकं हालवत होते.” मग त्यांचा आवाज चढला. “तुले राग आला तरी सांगतो. भर दुपारी पहिल्या हाकेले कोनी ओ देते का? तुही माय देत होती का? तिसरी हाक आल्याबिगर तोंड उघडत नव्हती ते. फोनही दोनदा वाजू दे, मंग उचले. अन् तू शिकलेली पोरगी, तू तं ओ द्यायले मशीनच बसवली!”

खरं होतं ते. ‘सुभद्राबाईंना तीनदा लावावा लागतो,’ ही गिऱ्हाइकांची नेहमीची थट्टा होती. जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं, असं आई सांगायची. गीतांजली त्यावर पोट धरून हसायची.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “आईच असन तं?”

पलीकडं परातीवर हात झटकल्याचा आवाज आला.

“तुही माय असती,” पार्बताबाई म्हणाल्या, “तं तिनं तीनदा हाक मारली असती. तिलेच तं ठाऊक होतं.”

यंत्रणा बंद करायला एक बोट पुरेसं होतं. गीतांजलीनं ते बोट त्या बटणावर ठेवलं आणि उचललं. ती आई असेल आणि आपणच दार लावून घेतलं, असं व्हायला नको होतं. दुसरं काही असेल, तर ते बाबांच्या उशाशी बसत होतं. दोन्हींतलं खरं काय ते कळण्याचा एकच मार्ग तिला दिसला. तिनं मधे एक चौकोन घातला : एकाच ठिकाणाहून तिसरा फोन आला तरच ‘या’ म्हणायचं, आणि बाबांनाही तेव्हाच कळवायचं. पण खरी गिऱ्हाइकं बिचारी ताटकळतील, म्हणून कामाच्या सवयीनं तिनं पहिल्या दोन फोनांना एक सभ्य उत्तरही जोडलं. मग सगळं तपासून पाहिलं. बरोबर चालत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा न उघडता पडद्यासमोर बसून राहिली. बाहेर ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

फोन आला. नंबर नव्हता.

थोड्या वेळानं पुन्हा आला.

मग काहीच नाही. तिनं श्वास सोडला. म्हणजे आई नव्हती. आता बंद करावं, म्हणून तिनं हात पुढं केला, आणि तिसरा फोन आला.

चौकोन हिरवे होत गेले. ‘हो, घरीच आहोत. या.’ गीतांजलीनं ओढणी तोंडाशी धरली. इतक्या आठवड्यांत प्रथमच तिला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं.

डोळे पुसून तिनं इतिहास पुन्हा पाहिला. पहिल्या फोनला उत्तर गेलं होतं. दुसऱ्यालाही. दोन्ही पोहोचली होती. तिनं स्वतः लिहिलेलं तेच वाक्य.

‘कृपया पुन्हा एकदा फोन करा.’

आईला हे सांगावं लागलं नसतं. जे आलं होतं, त्याला तिनं शिकवलं होतं.

“काकू, बाबांपाशी जा,” ती फोनवर ओरडली. “धावत जा.”

पार्बताबाई पिठाच्या हातांनी धावल्या. फोन चालूच होता. चपलांचा आवाज, फाटकाची कडी, मग त्यांची किंकाळी. बाबा भर उन्हात अनवाणी रस्त्याच्या मधोमध चालले होते, पार्बताबाईंनी नंतर सांगितलं. एक हात पुढं धरलेला होता, कुणी बोट धरून नेत असावं तसा. ओढून आणताना तो हात सोडवायला जोर लावावा लागला.

त्याच संध्याकाळी गीतांजलीनं बाबांना अकोल्याला आणलं. चौकोन एकेक करून पुसले. आईचा नंबर कायमचा बंद केला. येताना गाडीत खिडकीकडची जागा बाबांनी रिकामी ठेवायला लावली.

आठवडा शांत गेला. ती रजा घेऊन घरीच होती. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, दार लोखंडी, दुपारी जिन्यात चिटपाखरू नसे. त्या दिवशी ती बाबांना वरणभात वाढत होती. त्यांचा मोबाइल तिनं केव्हाच काढून घेतला होता.

बाबांचा घास हातात थांबला. त्यांनी दाराकडं मान वळवली.

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

ते पुन्हा जेवू लागले. मग पुन्हा थांबले. पुन्हा दाराकडं पाहिलं, या वेळी जरा उत्सुकतेनं.

गीतांजली वाढायचं सोडून उठली. तिनं दोन्ही तळहात बाबांच्या त्या बहिऱ्या कानांवर गच्च दाबून धरले आणि श्वास रोखून उभी राहिली.

तळहातांखाली त्यांची मान सावकाश तिसऱ्यांदा वळली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, लहान पोरीची समजूत काढावी तसं हसले, आणि ओ द्यायला तोंड उघडलं.