गोळी नसलेलं मशीन

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. या पेजवर येणाऱ्या निम्म्या गोष्टी मी स्वतः दोन ओळी वाचून सोडून देतो. पांढरी साडी, पिंपळ, उलटे पाय. असलं लिहिणाऱ्यांची मला कीव यायची.

आता मीच लिहायला बसलोय.

तारीख १८ मे २०२५, रविवार. वेळ दुपारी अडीचची. होय, दुपारची. जागा धाराशिव, आमच्या घराची वरची खोली. बाहेर असं ऊन की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझं नाव वीरभद्र. मी कॅमेरे बसवायचं काम करतो, दुकानांत, शाळांत, शेतातल्या विहिरींवर. पण ही गोष्ट माझ्या मामांची आहे. हणमंतप्पा मामा, अणदूरचे.

मामा तरुणपणी जत्रेतल्या पाळणेवाल्यांबरोबर लाईटचं काम करत गावोगाव फिरले. त्या फिरतीत त्यांना एक पिनबॉलचं मशीन मिळालं. मालकाला ते नकोसं झालं होतं, मामांनी ठेवून घेतलं. दुसरं मोडकं मशीन त्यांनी नंतर कुठून तरी आणलं, फक्त सुटे भाग काढायला.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाटेएवढी लांब लाकडी पेटी, वर काच. आत उतरता पाट. स्टीलची गोळी स्प्रिंगने वर उडवायची. ती दिव्यांना, घंट्यांना आपटत खाली येते. खाली दोन फळ्या असतात. बाजूची बटणं दाबली की त्या फळ्या उडतात आणि गोळी परत वर जाते. चुकलं की गोळी भोकात.

गावात त्याला गोळीचं मशीन म्हणायचे.

मामांनी त्यासाठी घराशेजारी पत्र्याचं शेड मारलं होतं. चाळीस वर्षं ते त्यात होते. महिन्यातले वीस दिवस मशीन उघडं पडलेलं. कधी रबर तुटलं, कधी कॉईल जळली, कधी उंदरानं वायर खाल्ली. मामा आत डोकं घालून बसलेले आणि मामी, म्हणजे धुरपताबाई, दारातून जेवायला हाका मारतायत.

मला ते बघून हसू यायचं. एक खेळ खेळायला वीस दिवस पाना फिरवायचा. याला छंद म्हणत नाहीत, खूळ म्हणतात.

म्हणून मी माझं मशीन बनवलं.

प्लायवूडची तशीच पेटी. काचेच्या जागी मोठा टीव्ही आडवा टाकलेला. आत कॉम्प्युटर. बाजूला बटणं. पेटीला धक्का दिला तर ओळखणारा सेन्सरसुद्धा, कारण खरे खेळाडू मशीनला कंबरेनं हलकेच ढकलून गोळीची वाट बदलतात. एका पेटीत दोनशे मशीनं. ना तेल, ना रबर, ना उंदीर.

मामांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

त्यांनी हात लावला नाही. नुसता पेटीला कान लावला. मग सरळ उभे राहिले.

"ह्यात गोळी न्हाय."

"मामा, स्क्रीनवर आहे की."

"फोटोतल्या भाकरीला लोणी लावायलास तू," ते म्हणाले आणि चप्पल घालून खाली गेले. चहासुद्धा घेतला नाही.

मला राग आला. खरं तर लई राग आला. पण मी तोंडावर हसलो, कारण हसणं जास्त लागतं हे मला माहीत होतं.

मामांना एक सवय होती. कुणी खेळताना चुकलं की ते बोलायचे नाहीत. नुसतं जिभेनं वाजवायचे.

च्…

बस्स. एवढंच. पण त्यात माणसाची सगळी लायकी निघायची. सगळ्यात जास्त वेळा माझी निघाली.

जानेवारीत मामा गेले. सकाळी अंघोळ करून बसले आणि बसल्या जागीच गेले.

मार्चमध्ये मी अणदूरला गेलो. मामी म्हणाल्या, "मशीनं हायत तशी राहू दे. मला त्येंचा तरास न्हाय."

मी ऐकलं नाही. वायरिंग जुनं आहे, शेडात साप येतील, काय काय सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, "मामी, मी त्याची कॉपी कॉम्प्युटरमध्ये करतो. अगदी हुबेहूब. ते कधीच बिघडणार नाही."

"तुला कळतंय त्यातलं," मामी म्हणाल्या.

दोन दिवस मी चालू मशीन मापलं. प्रत्येक दिव्याचे, चित्राचे फोटो काढले. प्रत्येक आवाज वेगळा रेकॉर्ड केला. घंटा, फळी, गोळी पाटावरून घरंगळताना. शेडात मी एकटाच होतो, दार आतून लावून.

मग भंगारवाला बोलावला.

अंगणातच दोन्ही मशीनं फोडली. मामी घरातून बाहेर आल्या नाहीत. चालू मशीनच्या पोटातून सगळं निघालं, कॉईल, वायरी, घंट्या…

फक्त गोळी निघाली नाही.

आदल्या दिवशी मी तीच गोळी रेकॉर्ड केली होती. भंगारवाल्यानं पेटी उलटी करून हलवली. मी अंगणात शोधली. मिळाली नाही. मी म्हटलं, जाऊ दे. एक गोळीच तर आहे.

आता १८ मे.

मामांच्या मशीनची कॉपी पूर्ण झाली होती. पहिल्यांदाच खेळत होतो. स्क्रीनवर तेच रंग, तेच दिवे. मनात म्हणत होतो, बघा मामा, तुमचं चाळीस वर्षांचं खूळ मी दोन महिन्यांत डब्यात घातलं.

पहिली गोळी उडवली. दोनदा परत वर मारली. तिसऱ्यांदा बटण उशिरा दाबलं. गोळी भोकात गेली.

आणि…

च्…

मी थांबलो.

वाटलं, रेकॉर्डिंगमध्ये आलं असेल. मग आठवलं. रेकॉर्डिंग मार्चमधलं. मामा जानेवारीत गेले.

तरी सगळ्या फाईली उघडून ऐकल्या. एकूण बारा. घंटा होती, फळी होती, गोळी होती. दुसरं काहीच नव्हतं.

स्पीकरची वायर उपटली. आता मशीन मुकं होतं. परत खेळलो. लगेच चुकलो.

च्…

स्पीकरमधून नाही. माझ्या उजव्या खांद्याच्या मागून. मामा नेहमी उभे राहायचे तिथून.

मागं बघितलं. खिडकी, कूलर, रिकामी खुर्ची.

मी हर्षालीला, माझ्या बायकोला, हाक मारली. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला. ती हात पुसत वर आली.

"जरा खेळून बघ," मी म्हणालो.

"मला नाही येत हे."

"बघ तर."

ती उभी राहिली. मी मुद्दाम लांब, दारात जाऊन थांबलो. ती वाईट खेळली. बटणं उगीच दाबत होती. एक गोळी गेली. दुसरी गेली.

आवाज आला नाही.

म्हणजे तिला काही म्हणणं नव्हतं. जे होतं ते मलाच.

तिसरी गोळी सरळ भोकाकडे निघाली. फळी तिथवर पोचणार नव्हती. आणि एकदम…

पेटी हलली.

जोरात नाही. कंबरेनं दिलेला हलका, मोजका धक्का. स्क्रीनवरची गोळी बोटभर सरकली, फळीवर आली आणि वर गेली.

हर्षालीनं बटणांवरचे हात उचलले. "अहो, तुम्ही ढकललं का?"

मी दारात होतो. तिच्यापासून दहा फूट.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलणार, तेवढ्यात लाईट गेली.

मे महिन्यात दुपारी लाईट जाते, त्यात नवल नाही. कूलर थांबला. स्क्रीन काळी झाली. खोलीत एकदम शांतता.

पण पूर्ण शांतता नाही.

पेटीच्या आत… गोळी घरंगळत होती.

जड. स्टीलची. लाकडावरून. वरून खाली येत होती. मग फळी उडाल्याचा आवाज आला, खट्. गोळी परत वर गेली. माझ्या पेटीत फळ्याच नाहीत. टीव्ही आहे.

खट्… खट्…

हर्षालीनं माझा दंड धरला. आम्ही दोघं काळ्या स्क्रीनकडे बघत उभे होतो. आत कुणीतरी निवांत, सफाईनं खेळत होतं. मी आयुष्यात कधी खेळलो नाही इतकं चांगलं.

पाच मिनिटं. कदाचित जास्त.

मग आवाज थांबला. गोळी भोकात पडल्याचा आवाज आलाच नाही. नुसती थांबली.

संध्याकाळी लाईट आल्यावर मी पेटीचे सगळे स्क्रू काढले. आत कॉम्प्युटर, वायरी, धूळ. हात घालून कोपरे चाचपले.

काहीच नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघं खाली झोपलो. हर्षाली एवढंच म्हणाली, "मामींना सांगा."

दुसऱ्या दिवशी अणदूरला गेलो. मामी घरात नव्हत्या. रिकाम्या शेडात पोतं टाकून बसल्या होत्या. मशीनं होती तिथं जमिनीवर अजून आठ पायांच्या खुणा होत्या.

मी सगळं सांगितलं. वाटलं घाबरतील, रडतील.

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. दुकानात खराब माल उलटा करून बघतात तसं.

"त्येंचं मशीन फोडलंस तवा तुला काय वाटलं न्हाय. आता भ्या वाटलं म्हणून आलास."

मी पोत्याच्या कडेला टेकलो.

"मी रोज दुपारी हितं बसते. चार म्हैने झाले. एकदा बी आवाज न्हाय." त्यांनी पदर नीट केला. "आन् तुझ्या त्या डब्यात गेले व्हय?"

तेव्हा मला कळलं. त्या घाबरल्या नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं होतं. माणूस गेल्यावरही घरी न येता भाच्याकडे जाऊन बसला, असं.

"मला ऐकायचंय," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांना धाराशिवला आणलं. हर्षालीनं खुर्ची मांडून दिली. मामींनी पेटीवर तळहात ठेवला आणि बसल्या. मी खेळलो.

चुकलो. काही नाही.

मुद्दाम चुकलो. दहा वेळा, वीस वेळा. इतका वाईट खेळलो की मामा जिवंत असते तर खोली सोडून गेले असते. मग मशीन बंद केलं आणि आम्ही नुसते बसलो.

काहीच नाही.

दोन तासांनी मामींनी हात काढला. तळहाताचा घाम पदराला पुसला.

"तू मला खोटं सांगितलंस का?"

"नाही, मामी."

"खोटं आसतं तर बरं झालं आसतं." त्या उठल्या. जिन्यात थांबून म्हणाल्या, "तो डबा मला दे."

मला तर तो घरातून जायलाच हवा होता. पण माझा स्वभाव बघा. टीव्ही काढून घेतला. कॉम्प्युटर काढून घेतला. बटणं, सेन्सर, वायर, सगळं काढलं. कॉपीची फाईलसुद्धा पुसून टाकली. आणि मोकळी प्लायवूडची पेटी टेम्पोत टाकून अणदूरला पाठवली. स्वतः गेलो नाही.

मामींना आतलं काय कळणार, असं वाटलं.

जून गेला, जुलै गेला. त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही.

मागच्या गुरुवारी आला. दुपारचे तीन वाजले होते. मी एका दुकानात शिडीवर होतो.

"वीरभद्रा," मामी म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण त्यात कुठंतरी समाधान होतं. लग्नाला पन्नास वर्षं झालेली बाई नवऱ्याबद्दल तक्रार करते तेव्हा असतं तसलं. "आरं, दुपारचं जरा पाठ टेकावं म्हणलं, तर थांबंनाच. आज तिसरा दिस."

"काय थांबेना?"

"ते. तुझा डबा." पलीकडे त्या फोन घेऊन चालत असाव्यात. शेडाचं दार करकरलं. "त्येचं बटन कुठं हाय? बंद कुठनं करायचं?"

मी शिडीवरून खाली उतरलो. खालच्या पायरीवर बसलो.

फोनमध्ये मामींचा श्वास ऐकू येत होता. आणि त्याच्या मागं, लांब…

खट्… खट्…

"बघतो मामी," मी म्हणालो. "येऊन बघतो."

अजून गेलो नाही. हर्षाली रोज विचारते, कधी जाणार. मी म्हणतो, काम आहे.

त्या पेटीत बंद करण्यासारखं मी काही ठेवलेलंच नाही. हे मामींना कसं सांगायचं, ते मला अजून कळलेलं नाही.