घंटी बंद केली त्या दिवशी

पटत नसेल तर सोडून द्या, पण हे माझ्या मावसभावाच्या, ब्लेसनच्या डोळ्यांसमोर घडलं आहे. गेल्या फेब्रुवारीत, शिरूरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये. तेही भर दुपारी तीन वाजता.

ब्लेसन तिथे एमआरआय मशीन चालवायचा. दौंडचे सम्राट सर त्याचे साहेब. माणसाचा मेंदू किती ऑक्सिजन वापरतो, हे त्या मशीनवर मोजायचा सरांचा अभ्यास चालू होता. माणसाला बोगद्यात झोपवायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि त्यातून वेगळी हवा सोडायची. हातात एक रबरी फुगा. जीव गुदमरला की तो दाबायचा, बाहेर घंटी वाजते.

जानेवारीत वडगाव रासाईचे म्हाळू आबा आले. अर्धा जन्म मेंढरांमागे मोकळ्या रानात गेलेला. बोगदा बघूनच ते बिचकले.

"फुगा दाबा आबा, मी लगेच बाहेर काढतो," ब्लेसनने शब्द दिला.

नऊ मिनिटांची मोजणी. पाच झाली आणि घंटी वाजली...

पुन्हा वाजली.

मध्येच थांबवलं की सगळी मोजणी वाया जाते. सर म्हणाले, म्हातारा उगाच घाबरलाय, घंटी बंद कर.

आणि ब्लेसनने बंद केली. माझा भाऊ आहे, पण हे आठवलं की आजही मला त्याची चीड येते.

आबांना बाहेर काढलं तेव्हा ते संपले होते. कागदावर लिहिलं, 'हृदय बंद पडले. घंटी वाजली नाही.' खाली दोघांच्या सह्या.

त्यानंतर लोक सेंटरकडे फिरकेनात. म्हणून महिन्याभराने सर स्वतःच मशीनमध्ये झोपले, काही होत नाही हे दाखवायला. ब्लेसनने घंटीचं बटण दोनदा तपासलं. चालू होतं.

मशीनची ठकठक सुरू झाली.

मग पडद्यावर आकडे आले...

ऑक्सिजन घेऊन रक्त मेंदूत जात होतं आणि तेवढाच ऑक्सिजन घेऊन परत येत होतं. सरांचा मेंदू कणभरही घेत नव्हता.

जिवंत माणसाचं असं होत नाही.

ब्लेसनने माइकवर विचारलं, सर, बरे आहात ना?



मग स्पीकरमधून आवाज आला. सरांचा नव्हता.

"लेकरा, मी फुगा दाबला व्हता."

ब्लेसनने धावत जाऊन त्यांना बाहेर ओढलं. सरांचा श्वास चालू होता. मुठीतला फुगा दाबून दाबून फाटला होता. घंटी मात्र एकदाही वाजली नव्हती.

सर आज दौंडला घरी पडून आहेत. डोळे उघडे, पण ओळख नाही, बोलणं नाही. डॉक्टरांना कारण सापडलेलं नाही.

ब्लेसन दुसऱ्याच दिवशी वडगाव रासाईला गेला. आबांच्या बायकोच्या, अनसाबाईंच्या पायाशी बसून त्याने सगळं कबूल केलं. पोलिसांनाही सांगतो म्हणाला. त्याला वाटलं, आता तरी आपण सुटू.

त्या रडल्या नाहीत. शिव्याही दिल्या नाहीत.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "धनी गेले त्याच सांजंला दारात आले व्हते. दोन नावं सांगितली. पयलं सायबाचं."

दुसरं कोणाचं, हे ब्लेसनने विचारलं नाही.

सध्या तो आमच्याकडे राहतोय. कालपासून म्हणतोय, हवा पुरत नाही...

घरातल्या सगळ्या खिडक्या मी उघड्या ठेवल्या आहेत.